राखून ठेवलेले ताट

फौजदारांच्या बोटांना कायम लसणाचा वास येत असे. नोकरीत असताना चौकशीच्या खोलीत ते लसणाचे गड्डे घेऊन जात आणि निम्मे आरोपीपुढे ठेवीत. दोघे समोरासमोर बसून सोलत. "हात गुंतले की जीभ सुटती, वकीलसाहेब," असे ते मला सांगत. "आन् माणसाला खाली बघायला निमित्त होतं." निवृत्तीनंतरही सवय गेली नाही. शहरातल्या छावणी भागात आमची घरे समोरासमोर. सकाळी ते सूप घेऊन ओट्यावर बसत आणि वहिनी आतून म्हणत, "चोर संपले. आता माझा लसूण धरून आणलाय."

आमची ओळख जुनी होती. स्नेह एका मरणातून झाला. माझा धाकटा भाऊ वसंता परगावी नोकरीला होता. जेवायला येतो, असे सांगून तो चपला आणायला बाजारात गेला आणि तिथे झालेल्या बॉम्बस्फोटात मरण पावला. बॉम्ब ठेवणारा तरुण आमच्याच शहरातला निघाला. त्याला ताब्यात घेणाऱ्यांत फौजदार होते. त्या तरुणाचा धर्म मी इथे लिहीत नाही. लिहिला, तर निम्मे वाचक पुढचे वाचणार नाहीत आणि उरलेले निम्मे, आम्हाला ठाऊकच होते, म्हणतील.

खटला चालला, जन्मठेप झाली. माझ्या लेखी विषय संपला. फौजदारांच्या लेखी तो तिथे सुरू झाला. निवृत्तीनंतर रीतसर परवानगी काढून ते त्या तरुणाला तुरुंगात भेटू लागले. मला हे आवडले नाही, आणि मी ते बोलून दाखवले.

"त्याला समजून घेऊन काय करणार? माफ?"

"माफ करणारा मी कोण? बेड्या मीच घातल्यात. वेळ आली तर परत घालीन. पण पुढच्याला कुठं गाठायचं, हे ह्यालाच ठाऊक हाय ना."

पहिल्या काही भेटी वाया गेल्या. फौजदार 'का केलंस?' असे विचारीत आणि तो तरुण अन्यायाची पाठ केलेली यादी म्हणून दाखवी. मग त्यांनी प्रश्न बदलला. "का विचारलं की भाषण मिळतं, वकीलसाहेब. कधी विचारलं की आठवण निघती." ज्यांनी बॉम्ब हातात दिला, त्या लोकांकडे तू पहिल्यांदा कधी थांबलास, एवढेच ते विचारू लागले.

उत्तर मिळाले त्या दिवशी फौजदार ओट्यावर बसले नाहीत. अंगणात येरझाऱ्या घालत त्यांनी मला ते सांगितले. तरुणाची आई गेलेली, बाप दुसऱ्या संसारात. भरतीत नापास झाला तेव्हा घरी कोणी विचारलेही नाही. एका ओळखीच्याने त्याला एका खोलीवर नेले. पोचायला उशीर झाला होता. बाकीचे जेवून उठले होते. याचे ताट वाढून, झाकून ठेवले होते. कोणीतरी म्हणाले, "आलास? तुझीच वाट बघत होतो." अन्यायाची यादी त्याला पुढे मिळाली. राहिला तो त्या ताटावर.

"एका ताटासाठी माझा भाऊ मारला?" मी विचारले. माझा आवाज चढला होता.

"ताटासाठी नाय. राखून ठेवलं होतं म्हणून."

"हे कारण नव्हे."

फौजदार थांबले. "मरणाएवढंच मोठं कारण पाहिजे, असं तुम्हाला वाटतंय. मलाबी वाटत होतं. ते तसं नसतंय, साहेब." मग, मी न विचारताच म्हणाले, "राग कुणाला नसतो? आमच्या फर्दापूरकडं लहानपणी आम्हा बौद्धांच्या पोरांना पाणी वरून ओतायचे. मलाबी गाव पेटवावं वाटलं होतं. पण अंधार पडला की आई हाका मारायची. जावंच लागायचं."

मी त्यांच्याशी कित्येक दिवस बोललो नाही. वसंता इतक्या क्षुल्लक गोष्टीपायी गेला, हे मला सोसणारे नव्हते. त्यापेक्षा एखादे राक्षसी कारण बरे वाटले असते.

फौजदारांना मात्र त्यानंतर स्वस्थता राहिली नाही. रोज संध्याकाळी ते झपाझप पडेगावपर्यंत चालत. वाटेतल्या चहाच्या टपऱ्यांवर पोरांचे घोळके उभे असत. फौजदार त्यांच्याकडे पाहत राहत. "चौघं हसतात, पाचवा उशिरा हसतो. त्याच्याकडं बघायचं." मग त्या पाचव्यापाशी जाऊन विचारीत, "काय रे, जेवलास का?" पोरे चेष्टा करीत, "चचा, पकडना है तो पकडो, पहले खाना खिलाओ!" ते खरोखरच एखाद्याला घरी आणीत. वहिनी ताट वाढीत आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "नोकरी सुटली, पण कोठडी घरातच उघडली ह्यांनी." यातला कोणी वाचला का, ते सांगता येत नाही. न घडलेल्या गोष्टीचा पुरावा नसतो. फौजदारांनाही ते ठाऊक होते, आणि तेच त्यांना खात होते.

मागच्या वर्षी त्यांनी अंथरूण धरले. भेटायला गेलो तेव्हा हात हातात घेतला. बोटांना कसलाच वास नव्हता. मी आतून लसूण मागून घेतला आणि त्यांच्याजवळ बसून सोलू लागलो. ते बराच वेळ माझ्या हातांकडे पाहत होते.

"एक निरोप राहिलाय," ते म्हणाले. "तुम्ही चिडाल म्हणून ठेवला होता. शेवटल्या भेटीत त्यानं मला विचारलं, ज्यांचे ज्यांचे जीव गेले, त्यांच्या घरी त्या दिवशी कुणी वाट बघत होतं का?"

मी सोलत राहिलो. मान वर केली नाही. त्यांनीही उत्तर मागितले नाही. पुढच्या आठवड्यात ते गेले.

हा प्रश्न पश्चात्तापाचा होता की नुसता कुतूहलाचा, मला माहीत नाही. क्षमा करण्याचा माझा विचार नाही. तरीही गेल्या महिन्यात मी परवानगी काढली, तुरुंगाच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. पुन्हा जाईन. वसंताची बायको त्या दिवशी दिवेलागणीपर्यंत जेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हाही स्वयंपाकघरात त्याचे ताट झाकलेले होते.

त्या तरुणाला मला एवढेच सांगायचे आहे. ताट होते.