देवकीबाईचा पाटा आणि स्वस्तातलं इमान

गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत देवकीबाई पौनीकरांची सावजी खानावळ होती. खानावळ म्हणजे घराचीच पुढची खोली, चार बाकं आणि दाराला एक पडदा. नवरा लहानू आधी हातमागावर लुगडी विणायचा. माग बसला तसा तोही बसला, तो थेट बायकोच्या गल्ल्यावर. बाई अंगानं एवढीशी. ती बोलायला लागली की वाळत घातलेलं लुगडंच बोलतंय असं वाटायचं. पण तिचा रस्सा पोटात गेला की कोर्टातला वकीलसुद्धा दुपारपर्यंत खरं बोलतो, अशी तिची ख्याती.

मसाला ती पाट्यावरच वाटायची. पाटा लग्नात माहेरहून आलेला, टाकी लावून लावून तिच्या हाताला जुळलेला. नवऱ्याचं तेवढं जुळलं नाही, असं ती चारचौघांत सांगायची आणि लहानू मान डोलावायचा.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात शेजारच्या किराणा दुकानात ट्रंककॉल आला. पुण्याहून मुलगा रविंद्र बोलत होता. तिकडच्या एका कारखान्याच्या कॅन्टीनचं कंत्राट निघणार होतं. परवा दुपारी साहेब लोक जेवून पाहणार, आवडलं तर कॅन्टीन रविंद्रचं.

"माय, मिक्सरात मसाला काढून पाह्यला, चिखल झाला. नवा पाटा आणला त दातात रेती येऊन राहिली. तू ये. पाटा घेऊनच ये."

पण आजची गाडी सुटून गेली होती.

"उद्याच्या गाडीनं गेली त परवा संध्याकाळी पोचशीन," लहानू म्हणाला. "तवरिक साहेब लोक इडली खाऊन मोकळे."

म्हणून धरमपेठेतल्या एका एजंटाकडून विमानाचं तिकीट आलं. 'मेघमाला एअर टॅक्सी' नावाची नवी कंपनी होती. रेल्वेच्या फर्स्ट क्लासच्या भावात पुणे, वर एक पैसा नाही, असं एजंटानं छातीवर हात ठेवून सांगितलं. देवकीबाईनं त्या हाताकडे पाहायला हवं होतं. तो खिशावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षावाला आणि लहानू या दोघांनी मिळून पाटा सोनेगावच्या विमानतळावर उतरवला. कंपनीच्या टेबलामागे मार्तंडसाहेब टाय लावून बसले होते. पाटा काट्यावर पडला तसा काटा दचकला आणि सोळा किलोवर थांबला. साहेबही दचकले.

"हे काय आहे?"

"पाटा."

"म्हणजे दगड?"

"दगड तुमच्या घरी. हा पाटा हाय."

"बाई, दहा किलो फुकट. त्याच्या वर दर किलोला पैसे. शिवाय जड वस्तू म्हणून वेगळा आकार. आणि सामानाला चिठ्ठी बांधायचे वेगळे."

"हे तिकिटावर काहून नाई लिवलं?"

"लिहिलंय की. मागे."

मागे खरंच लिहिलं होतं. इंग्रजीत, आणि अक्षरं अशी की मुंगीनं शाई सांडली असावी.

"मंग टपावर टाका ना गा," देवकीबाई तडजोडीला आली. "यष्टीत टपावरच असते."

"विमानाला टप नसतो, बाई."

"मंग इमान कायले म्हणता? यष्टी बरी."

साहेबांनी सगळा हिशेब करून आकडा सांगितला. तो तिकिटाहून मोठा होता. बाई बसून जाणार कमी पैशात आणि पाटा पडून जाणार जास्त पैशात! कंबरेच्या चंचीत पुण्याच्या टॅक्सीपुरते पैसे होते. लहानू हे ऐकून मटकन खुर्चीवर बसला. तेवढ्यात शिपाई म्हणाला, "काका, खुर्चीचे अलग लागते." लहानू बसला होता त्याच्या दुप्पट वेगानं उठला.

"आता तुम्ही काट्यावर चढा," मार्तंडसाहेब म्हणाले.

"मी काहून? मी का सामान हाय?"

"विमान छोटं आहे. प्रत्येकाचं वजन घ्यावं लागतं."

देवकीबाई चढली. बेचाळीस किलो. तिच्यामागून नंदनवनचे एक कंत्राटदार चढले. गळ्यात सोन्याची साखळी, तिच्याखाली पोट, पोटाखाली बिचारा काटा. काटा शंभराच्या पुढे गेला आणि शरमून तिथेच राहिला.

"या भाऊचं तिकीट कितीचं?" देवकीबाईनं विचारलं.

"सगळ्यांचं सारखंच."

"सारखंच? मंग माया पाटा अन् मी मिळून होतो अठ्ठावन. हे भाऊ एकटेच शंभर. यायले दंड नाई अन् मले दंड! माया वाट्याचं उरलेलं वजन कोनाच्या घरी गेलं?"

"ओ बाई," कंत्राटदार चिडले, "माझ्यावर काहून घसरून राहिल्या?"

"तुमच्यावर नाई गा भाऊ. तुम्ही त नफ्यात हा. अर्धे तुम्ही माया तिकिटावर उडून राहिले."

रांगेत हसू पिकलं. कंत्राटदारही मग पोट धरून हसले, म्हणजे जेवढं हातात आलं तेवढं धरून. पण मार्तंडसाहेब हसले नाहीत. हसण्याचं कलम नियमात नव्हतं.

"माणसाचं वजन माणसाचं, सामानाचं सामानाचं. पाटा राहील नाहीतर पैसे भरा."

लहानूनं बायकोच्या खांद्याला हात लावला. "चाल वं घरी. पाट्याबिगर जाऊन काय करशीन?"

"लेकराचं कॅन्टीन जाते ना गा," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला. चार वर्षं पोरगं दुसऱ्याच्या हॉटेलात ताटं विसळून पैसा पैसा जोडत होतं.

तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला. पुण्याचं विमान दोन तास उशिरा सुटेल.

देवकीबाईनं मान वर केली. "साहेब, मीच दोन तास उशिरा आली असती त?"

"तिकीट बाद."

"अन् तुम्ही आले त?"

"तांत्रिक कारण."

"आमच्या गल्लीत याले उशीरच म्हणते," ती म्हणाली आणि लहानूकडे वळली. "पाटा त्या कोपऱ्यात घे. पाटा नाई जात त नको जाऊ दे. मसाला जाईन."

लहानूनं पोतं अंथरलं. बाईनं पदर खोचला आणि काखेतलं बोचकं सोडलं. मसाला घरूनच भाजून आणला होता, पुण्याला उतरल्या उतरल्या वाटायला. खोबरं, खसखस, धने, मिरे, दगडफूल, लाल मिरची. तांब्यातलं पाणी शिंपडून तिनं वरवंटा फिरवायला घेतला. घर्रर्र, घर्रर्र. विमानतळावर विमानाचा आवाज नव्हता, तो असा भरून निघाला.

थोड्या वेळात शिपाई शिंकला. मग एक मेजर शिंकले. मग दोन बायका "अगंबाई, कोणाकडं मटण आहे?" म्हणत नाकानं माग काढत आल्या. पंख्यानं तो वास सगळीकडे वाटला, अगदी फुकट. मार्तंडसाहेब रुमाल लावून धावत आले.

"बंद करा! इथे वाटायला परवानगी नाही!"

"कुठं लिवलं हाय?"

साहेबांनी नियमांचं पुस्तक पुढून पाहिलं, मागून पाहिलं. ओरडायला, थुंकायला, कुत्रं आणायला बंदी होती. पाट्यावर मसाला वाटायला बंदी घालावी लागेल, असं पुस्तक लिहिणाऱ्याच्या सात पिढ्यांना सुचलं नव्हतं.

विमान आलं तेव्हा मसाल्याचा गोळा डब्यात गेला होता, वरून जवसाच्या तेलाचा हात फिरला होता. डबा काट्यावर ठेवला. चार किलोही भरला नाही.

"थांबा," मार्तंडसाहेबांना वाट सापडली. "बाहेरचं खाणं विमानात न्यायला वेगळा आकार."

"हे खाणं नोहे. नुसतं खाऊन पाहा."

साहेबांनी खात्री करायची म्हणून बोटभर मसाला जिभेवर ठेवला. आधी कान लाल झाले, मग टायच्या वरचा सगळा भाग. डोळ्यांतून धारा लागल्या. "पाणी," एवढं त्यांना कसंबसं म्हणता आलं.

शिपायानं कंपनीच्या शिस्तीप्रमाणे हात पुढे केला. "साहेब, ग्लासाचे पैसे."

साहेबांच्या तोंडात पुढचा नियम होता, पण तोंडच चालत नव्हतं. त्यांनी हातानंच खूण केली, जा. पाटा लहानूच्या हवाली करून देवकीबाई डबा छातीशी धरून विमानात चढली. शेजारी कंत्राटदार बसले. त्यांनी पुण्यापर्यंत तीनदा विचारलं, "बाई, तुमची खानावळ नेमकी कुठं म्हणल्या?"

दुसऱ्या दिवशी कारखान्याचे तिघे साहेब जेवायला बसले. रविंद्रनं पुणेरी पद्धतीनं भाव काढून ठेवले होते. थाळी इतकी, रस्सा वेगळा, कांदा वेगळा, लिंबू वेगळं. आईनं ते ऐकलं आणि त्याच्याकडे असं पाहिलं की जणू तो पाटा आणि ती वरवंटा.

"साहेब," ती स्वतःच म्हणाली, "भाव एकच. पोट भरेपर्यंत."

साहेब एकमेकांकडे पाहू लागले. मोठ्या साहेबानं संशयानं विचारलं, "यात लपलेलं काय आहे?"

"लवंग," ती म्हणाली. "दिसली त काढून ठेवजा."

तिघांची नाकं गळत होती, पण हात थांबत नव्हते. मोठ्या साहेबानं रिकामी वाटी पुढे केली, मधेच अडखळला, भिंतीवर कुठे काही लिहिलंय का ते पाहिलं. भिंत कोरी होती. मग त्यानं वाटी आणखी पुढे सरकवली, आणि भरलेल्या तोंडानंच रविंद्रला म्हणाला, "एक तारखेपासून या."