हॅनाच्या कानात सांगितलेलं नाव

ही गोष्ट माझ्या तोंडून कोणी ऐकलेली नाही. जिला ती ऐकण्याचा पहिला हक्क होता, ती गेल्या वर्षी गेली. तिच्या उशाशी मी रोज बसत होते, तरी बोलले नाही. आता तुम्हाला सांगते आहे — तुम्हीच का, ते मलाही ठाऊक नाही.

मी सौदी अरेबियात, अल-खोबरला एका रुग्णालयात पॅथॉलॉजिस्ट आहे. एकटीच असते. काचेवरच्या पेशी पाहायच्या आणि दिसेल ते लिहायचं, हे माझं काम. इतक्या वर्षांत एकाही अहवालात मी न दिसलेलं लिहिलं नाही, दिसलेलं गाळलं नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढचं ऐकताना एवढं लक्षात असू द्या.

माझा भाचा — म्हणजे थोरल्या भावाचा मुलगा, मिहिर — इथेच इंजिनिअर आहे. त्याची बायको रूथ अमेरिकन, शाळेत शिकवायची. मिहिर मला आत्या म्हणतो म्हणून तीही आत्याच म्हणायची. तिला पुस्तकं आवडत, मलाही. शुक्रवारी दुपारी ती माझ्याकडे यायची आणि आम्ही दोघी आपापलं पुस्तक घेऊन तासन्‌तास न बोलता बसायचो. माझ्या आयुष्यात असं न बोलता बसण्याजोगं माणूस एकच आलं.

रूथच्या आजोळी एक समजूत होती. आपण अमेरिकेत अगदी सुरुवातीच्या जहाजांतून येऊन वसलेल्या इंग्रजांच्या घरातले, असं तिची आजी सांगे. पुरुषांची नावं सगळ्यांना पाठ होती. बायकांची चार पिढ्यांपलीकडे कोणाला सांगता येत नव्हती. रूथला दिवस गेले तेव्हा ती म्हणाली, ‘आत्या, मुलगी झाली तर मला तिला सगळ्यात मागच्या बाईचं नाव द्यायचंय. आईची आई, तिची आई — जिथे थांबेल तिथलं.’ तिला झोपून राहायला सांगितलं होतं. शोध मी घेते म्हटलं.

मला हे काम फार आवडलं, हे कबूल करते. चर्चची बाप्तिस्म्याची वही, लग्नांच्या नोंदी, मृत्युपत्रं — सगळं आता संगणकावर दिसतं. कामावरून आले की चहा घेऊन बसायचे. वहिनी बाळंतपणासाठी व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या, त्या हसायच्या. ‘वन्सं, स्वतःचं सासर केलं नाहीत, आता सुनेचं माहेर शोधताय.’ मी एकेक बाई मागे जात होते. आठव्या बाईपाशी, मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या एका गावात, पोचले. तिचं नाव लूसी. आणि लूसीची आई?

इथे मी थांबते. त्या दिवशीही थांबले होते.

दरम्यान मी काय करत होते, ते आधी सांगायला हवं. रुग्णालयाच्या कँटीनमध्ये मी सगळ्यांना सांगत होते की आमची सून पहिल्या जहाजवाल्यांच्या घरातली आहे. नर्सिंगच्या सावंतबाईंना, रत्नागिरीच्या शमीमला, दोनदा आमच्या मुख्य डॉक्टरांनाही. ‘मोठं घराणं दिसतंय,’ शमीम म्हणाली होती. मी नुसती हसले होते. मला ते ऐकायला बरं वाटलं होतं. मी — जी घराणं, कूळ हे शब्द ऐकले की तोंड वाकडं करते.

वहीतली नोंद अशी होती: मूल, लूसी. बापाची जागा कोरी. आई — व्हायलेट, गावातल्या एका इंग्रज घरची गुलाम दासी. पुढे मालकाचं मृत्युपत्र सापडलं. त्यात गायी होत्या, दोन पलंग, कथलाची ताटं, आणि त्याच ओळीत ‘काळी बाई व्हायलेट व तिची लेक’. मी ते तीनदा वाचलं. शंकेला जागा नव्हती. लूसीने मोठेपणी त्या घराचं आडनाव लावलं आणि पुढच्यांनी तिला त्या घरची मुलगी मानलं, एवढंच घडलं होतं.

मालकाच्या बायकोचं नाव हॅना होतं.

मी रूथला फोन केला आणि म्हटलं, हॅना.

कोणाला घाबरले? वहिनींना? त्या दोन दिवस कुरकुरल्या असत्या आणि तिसऱ्या दिवशी डिंकाचे लाडू वळायला बसल्या असत्या. मिहिरला काहीच वाटलं नसतं. रूथ तर — रूथने ते नाव छातीशी धरलं असतं, याची मला तेव्हाही खात्री होती. मग? व्हायलेट नको होती ती मला. दुसऱ्या कोणालाही नाही.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी मिहिरच्या फ्लॅटमध्ये बारसं केलं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. मिहिरला बहीण नाही, म्हणून वहिनी म्हणाल्या, ‘बापाची आत्या तीच लेकीची आत्या. व्हा पुढे.’ मी वाकले, तिच्या इवल्या कानाशी ‘कुर्र’ केलं आणि हॅना म्हटलं. सावंतबाई, शमीम, सगळ्यांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीवर धपाटे घातले. ‘जोरात मारा गं, डॉक्टरीणबाई सापडत नाहीत परत,’ कोणीतरी म्हणालं. रूथ रडत होती, हसतही होती.

नऊ वर्षं झाली त्याला.

गेल्या वर्षी रूथच्या शेवटच्या आठवड्यात तिने माझा हात धरला. ‘हॅनाला त्या बाईबद्दल तू सांग, आत्या. शोधलंस तू.’ खोलीत आम्ही दोघीच होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी ‘हो, सांगेन’ म्हटलं. तिचे अहवाल मीच पाहिले होते आणि एकही शब्द न लपवता लिहिले होते. हे मात्र लिहिलं नाही, बोललेही नाही.

आणि वचन पाळलं. हॅना शुक्रवारी माझ्याकडे येते. मी तिला जहाजाच्या गोष्टी सांगते, बर्फातल्या लाकडी घराच्या, सूत कातणाऱ्या हॅनाच्या. ती बाई सूत कातत होती की नाही, मला माहीत नाही. मुलीला त्या तोंडपाठ आहेत. शाळेत तिने त्यावर निबंधही लिहिला.

ती मिहिरच्या रंगावर गेली आहे. वर्गातल्या दोन मुली तिला म्हणाल्या, तुझी आई गोरी होती, मग तू तिची कशी? तिने हे बापाला सांगितलं नाही. परवाच्या शुक्रवारी माझ्याकडे आली, चप्पल न काढता दारातच उभी राहिली आणि विचारलं, ‘आत्याआजी, ती पहिली हॅना — वॉज शी ब्राउन? लाइक मी?’

व्हायलेट काळी होती. ती या मुलीची आठ बायकांपलीकडची आजी होती. मी हे जाणणारी जगातली एकटी आहे.

मी म्हणाले, ‘नाही गं. ती गोरी होती.’

हॅनाने ‘ओके’ म्हटलं आणि वाकून चपलेचा पट्टा सोडवू लागली.