फ्रिजवरचा थंड माणूस

आमच्या फ्रिजवर हल्ली इंग्रजी शब्द उगवतात. मुलीची परदेशी शिक्षणासाठीची परीक्षा जवळ आली आहे. ती एकेका चिठ्ठीवर एकेक अवघड शब्द लिहिते आणि तो लक्षात राहावा म्हणून खाली ओळखीच्या माणसाचं नाव घालते. आज दूध काढायला गेलो तर ‘फ्लेग्मॅटिक’च्या खाली ‘बाबा’!

“हे म्हणायचं कसं?” मी विचारलं.

तिने ओट्यावर बोटाने तीन ठोके दिले. “फ्लेग्, मॅ, टिक. जोर मधल्यावर. म्हणजे कशानेच न हलणारा, थंड माणूस.”

हा शब्द मूळचा कफावरून आलेला, हे मला ठाऊक होतं. तिकडचे जुने वैद्यही आपल्यासारखेच माणसाचा स्वभाव कफ-पित्तात शोधायचे. आत काय चाललंय ते दिसत नाही, मग बाहेरून एक शब्द चिकटवायचा आणि मोकळं व्हायचं, ही खोड जगभर सारखीच.

“मी थंड?”

“मग काय! मी दोन वर्षं तिकडे जाणार म्हटलं, तेव्हा तू नुसतं ‘बरं’ म्हणालास आणि घेवडा निवडत बसलास.”

खरं आहे. मात्र त्या संध्याकाळी निवडलेल्या शेंगा कचऱ्याच्या डब्यात गेल्या आणि काढलेल्या शिरा मी पातेल्यात घालून नीट धुतल्या. हे फक्त तिच्या आईला माहीत आहे.

चिठ्ठी मी तशीच राहू दिली. परीक्षेत या शब्दाचा अर्थ तिने चुकवता कामा नये.