ज्वारीच्या कोठीतलं सोनं

नोकरीत शेकडो फिर्यादी नोंदवल्या, बहुतेक विसरलो. पुंडलिकनगरची ती चोरी मात्र अजून डोक्यातून जात नाही. कारण त्या तपासात आधी चुकलो तो मी. कोणाचंही नाव लिहीत नाही.

फिर्यादी निवृत्त शिक्षिका. नवरा वारलेला, मुलगी परगावी, घरात एकट्याच. मंगळवारी त्या बहिणीकडे गेल्या आणि दिवस मावळायच्या आत परतल्या. दाराचं कुलूप शाबूत, कपाट जसंच्या तसं. पण स्वयंपाकघरातल्या ज्वारीच्या कोठीत तळाशी ठेवलेल्या चार बांगड्या आणि आईची बोरमाळ गायब.

"कोठीतलं सोनं कोणाला माहीत होतं?" मी विचारलं.

"पोटच्या पोरीलासुद्धा नाही," त्या म्हणाल्या. मग थांबून म्हणाल्या, "पण त्या जादूगारानं ओळखलं होतं."

आदल्या शनिवारी संध्याकाळी वसाहतीच्या सभागृहात करमणुकीचा कार्यक्रम झाला होता. नकला, गाणी आणि शेवटी विनोदी जादू. जादूगार प्रेक्षकांत उतरला, बाईंसमोर थांबला आणि म्हणाला, "मावशी, तुमचा बँकेवर भरोसा नाय. तुमची तिजोरी स्वयंपाकघरात हाय. डब्यात? फ्रिजमागं? का कोठीत?" सभागृह हसून लोटपोट झालं. बाई मात्र त्या रात्री झोपल्या नाहीत.

पंचनामा चालू असतानाच शेजारच्या गृहस्थांनी आमच्या बीट हवालदाराला बाजूला घेतलं. हे निवृत्त कारकून. बाईंचं वर्तमानपत्र, गॅस, औषधं सगळं तेच बघायचे. ते म्हणाले, "आज दुपारी त्या जादूगाराचा माणूस गल्लीत फिरत होता. मी पाहिला."

मला एवढं पुरेसं वाटलं. जादूगाराला चौकशीसाठी बोलावलं. गडी लासूर स्टेशनकडचा, पन्नाशीचा. दोन दिवस त्याला सकाळी बोलवायचो आणि संध्याकाळी सोडायचो. तो एकच सांगायचा, "साहेब, मंगळवारी मी आन् माझा जोडीदार दोघंबी फुलंब्रीला होतो. शाळेत खेळ होता." मी तिकडं लगेच फोन लावायला हवा होता. लावला नाही. हातचलाखीवर पोट भरणारा माणूस खरं कशाला बोलेल, असं माझ्या मनात पक्कं बसलं होतं. त्यातच एका स्थानिक वर्तमानपत्रात 'जादूगारावर चोरीचा संशय' अशी बातमी आली आणि त्याच्याच गावातला त्याचा ठरलेला कार्यक्रम रद्द झाला.

तिसऱ्या दिवशी मी आवाज चढवला. "सोनं कोठीत आहे हे तुला कळलं कसं?"

त्यानं हात जोडले. मग म्हणाला, "धंद्याची गोष्ट हाय, कोणाला सांगत नसतो. पण आता इज्जतच गेली." त्यानं दाराशी उभ्या असलेल्या हवालदाराकडं पाहिलं. "जमादार, घरच्यांपासून तुम्ही एक वस्तू लपवता. गोळ्या? चिठ्ठी? तंबाखू?" हवालदाराचा हात नकळत डाव्या खिशाकडं गेला. "डाव्या खिशात," जादूगार म्हणाला. "मला काय बी ठावं नसतं, साहेब. मी नुसतं बोलत जातो, माणूस आपणच सांगतो. मी कोठी म्हणताच मावशींनी पदर तोंडाला लावला."

ठाण्यात सगळे हसले. मला हसू आलं नाही. बाईंचा चेहरा जादूगारानं पाहिला, तसा आसपास बसलेल्या प्रत्येकानं पाहिला असणार.

तेव्हा कुठं मी फुलंब्रीला फोन केला. मंगळवारी दिवसभर दोघंही शाळेत असल्याचं मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं. मग कार्यक्रमाचं मोबाईलवरचं चित्रीकरण मागवलं. त्यात सगळे जादूगाराकडं बघून हसत होते. एकटे शेजारचे गृहस्थ बाईंकडं बघत होते.

त्यांना ठाण्यात बोलावलं, चहा दिला, जबाब घ्यायला बसलो.

"गल्लीत पाहिलेला माणूस कसा होता?"

"मिशीवाला, सावळा. स्टेजवर पेट्या उचलत होता तोच."

"नक्की?"

"व्हय, साहेब. समोरच तर बसलो होतो."

जादूगाराचा जोडीदार एकच. तो पूर्ण खेळभर लुगडं नेसून, टोप घालून त्याची भांडकुदळ बायको व्हायचा, आणि त्या सोंगासाठी मिशी कायम सफाचट. मी चित्रीकरण त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते दोनदा पाहिलं. मग म्हणाले, "सोनं माझ्याकडं आहे."

बाईंच्या घराची दुसरी किल्ली कित्येक वर्षं त्यांच्याकडं होती. मुद्देमाल त्यांच्या माळ्यावरून पंचांसमक्ष जप्त केला. मी विचारलं, "एवढी वर्षं किल्ली होती, मग आताच का?"

"तोवर माहीतच नव्हतं," ते म्हणाले. "त्या संध्याकाळी कळलं. मग डोक्यातून जाईना."

बाईंना हे सांगणं मला अटकेपेक्षा जड गेलं. त्या एवढंच म्हणाल्या, "गेल्या वर्षी दवाखान्यात मला त्यांनीच नेलं होतं हो." मग जादूगाराचा पत्ता मागून घेतला आणि त्याला पत्र लिहून माफी मागितली.

माझं नुसत्या पत्रानं भागणार नव्हतं. जादूगार म्हणाला, "साहेब, तुम्ही सोडलं, पण गावाला कोण सांगणार?" मी लासूर स्टेशनच्या आयोजक व्यापाऱ्यांशी बोलून रद्द झालेला कार्यक्रम पुन्हा ठरवायला लावला. त्या संध्याकाळी गणवेशात स्टेजवर चढलो आणि म्हणालो, "या माणसावर मी खोटा संशय घेतला. तो निर्दोष आहे."

तोच मागून कोणीतरी ओरडलं, "लई भारी! नकली पोलीस आणलाय!" अख्खं मैदान हसायला लागलं. त्यांना वाटलं, मी खेळातलाच आहे. मी ओळखपत्र काढलं, तर आणखी हसले.

जादूगार पुढं आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तरी आवाज खेळातलाच काढून म्हणाला, "बसा साहेब, खाली बसा. आता खेळ बघा."

मी पहिल्या रांगेत बसलो आणि शेवटपर्यंत उठलो नाही. संशय घ्यायला मला शेजाऱ्याचं एक वाक्य पुरलं होतं. तो पुसायला माझी वर्दीही पुरली नाही. पुढं नोकरीत कोणालाही ठाण्यात बोलावण्याआधी मी एक फोन जास्त करत आलो.