तामोरेबाईंचा अनुमोदक

गटाराची, नळाची, रस्त्यावरच्या दिव्याची तक्रार घेऊन कुणी दारात आलं की तामोरेबाई आधी एकच विचारायच्या, "पट्टी भरली काय?" घरपट्टी थकलेली असली तर पुढचं ऐकूनच घ्यायच्या नाहीत. "आदी भरून या, मंग भांडू," म्हणून दार लावून घ्यायच्या. मलाही त्यांनी असंच परत पाठवलं होतं. जळगावकडून तारापूरच्या कारखान्यात नोकरीला आलेला मी बोईसरच्या कडेला दोन खोल्या बांधून राहिलो होतो आणि गल्लीत दिवा नाही म्हणून तणतणत त्यांच्याकडे गेलो होतो. पट्टी भरून पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी चहा पाजला आणि करदाते रहिवासी संघाचं सभासदही करून टाकलं.

बाई मूळच्या जवळच्याच समुद्रकाठच्या नवापूरच्या, मच्छीमार घरातल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवलं. वर्गात पुस्तकी मराठी बोलत असतील, पण निवृत्तीनंतर नवापूरचं बोलणं त्यांच्या तोंडी परत आलं होतं. लोक म्हणायचे, बाई, पंचायतीच्या मागे कशाला लागता, आपलीच माणसं आहेत. त्यावर त्या म्हणायच्या, "मासा काय परक्याकडनं घेता? तरी कल्ला उचलून बगताच ना? मंग गटाराचं झाकण उचलून बगायला लाज कसली?"

आमच्या गल्लीत मात्र उचलून बघायला झाकणच नव्हतं. नवं गटार बांधलं, अर्ध्याच्या वर उघडं सोडलं, आणि कागदोपत्री सगळी झाकणं बसली. पावसात गल्ली भरली की रस्ता कुठे संपतो ते कळायचं नाही. भाजी विकणाऱ्या शेवंताकाकू गटारात कमरेपर्यंत गेल्या आणि पाय मोडून घरी बसल्या. बाईंनी ठरवलं, ग्रामसभेत ठराव आणायचा: सगळ्यांसमक्ष गटाराची पाहणी करा, तोवर ठेकेदाराचं उरलेलं बिल देऊ नका. ठराव मांडणारा तो सूचक. त्याला उभं राहून पाठिंबा देणारा तो अनुमोदक. अनुमोदक नसेल तर आमच्या सभेत ठराव चर्चेलाच घेत नसत. बाई नेहमीच्या सूचक, मी नेहमीचा अनुमोदक. "भाऊ हाय ना माझ्या मागं," असं त्या चारचौघांत सांगायच्या आणि माझी छाती फुगायची.

सभेच्या आधी वॉर्डाचे मेंबर आमच्याकडे आले. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. माझ्या मुलीची चौकशी केली, ती कोणत्या रिक्षाने शाळेत जाते हेही विचारलं. मग मागच्या बाजूला बघत म्हणाले, "भाऊ, भाड्याची खोली छान काढलीत. गटारावरच पाया घेतलाय, नाही का? तिला पट्टी लागली की राहिली?"

राहिली होती. पट्टी भरल्याशिवाय तोंड न उघडू देणाऱ्या संघाचा मी सभासद, आणि माझी तिसरी खोली गटारावर होती, परवानगीशिवाय, पट्टीशिवाय. मेंबर हसत मोटारसायकलवरून निघून गेले. त्या दिवसापासून गल्लीत मोटारसायकल थांबली की माझ्या हातातला घास हातात राहायचा. मुलगी रिक्षातून उतरेपर्यंत बायको दारात उभी असायची. मी बाईंना यातलं काही सांगितलं नाही.

सभेत बाईंनी ठराव वाचला. सरपंचांनी विचारलं, "अनुमोदक?" मी दुसऱ्या रांगेत होतो. मेंबर समोर बसून पायावर पाय टाकून मोबाइल बघत होते. मी उठलो नाही. मान खाली घालून चपलेचा अंगठा नीट करत राहिलो. बाई उभ्याच होत्या. त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. ग्रामसेवक म्हणाले, अनुमोदक नाही, पुढचा विषय घेऊ. "बरं," म्हणून बाई बसल्या.

मला वाटलं, आता त्या चार शब्द सुनावतील. त्या घरी आल्या, पण बायकोशी सुक्या बोंबलाच्या चटणीबद्दल बोलत बसल्या. निघताना मी फाटकापर्यंत गेलो, तेव्हा म्हणाल्या, "खोलीचं मला पाया खणला तवापासून माहीत हाय, भाऊ. तुमी कदी सांगता त्याची वाट बगत होते. ठरावात पाहणीला पहिली तुमचीच खोली घातली असती, मंग ते काय बोलणार होते?"

मी म्हणालो, बाई, मला भीती वाटली.

"मला काय भीती वाटत नाय? सभेच्या आदल्या रात्री दाराची कडी दोनदा बगते मी," त्या म्हणाल्या. "म्हणून तर उभी राहून बोलते. एकदा बसले तर परत उठायची नाय."

त्यानंतर मी त्यांना टाळू लागलो. मेंबरपेक्षाही मला आता त्यांची भीती वाटत होती. समोरून येताना दिसल्या तर मी दुकानात शिरायचो. पुढे आजारपणात त्या आपल्या सख्ख्या भावाकडे नवापूरला गेल्या. तिथे त्यांना भेटायला जायचं मी दर रविवारी ठरवत होतो. त्या वारल्याचं मला कारखान्याच्या फाटकावर कुणाकडून तरी कळलं.

गटार अजून उघडं आहे. या वेळच्या ग्रामसभेसाठी मी तोच ठराव दिला आहे. सगळ्यात वर माझी खोली घातली आहे, गटारावरची, विनापरवाना. भाडेकरूला दुसरीकडे बघायला सांगितलं. बायको माझ्याशी बोलत नाही. अनुमोदकासाठी चार घरं फिरलो. एकाचा जिना गटारावर, एकाचं दुकान पुढे आलेलं. "काका, आम्हाला यात नका ओढू," म्हणाले. मी कुणाला आग्रह केला नाही. कुठल्या तोंडाने करणार?

काल मेंबरची मोटारसायकल दारापुढे येऊन थांबली. ते म्हणाले, "भाऊ, आपण बसून बोलू." मी म्हणालो, उभ्यानेच बोला. दाराची चौकट धरून उभा होतो, सोडली असती तर खाली बसलो असतो, आणि ते त्यांनाही दिसत होतं.