दहाव्या पाटीचा खिळा

पाटीताईंना जावई मिळाला तो बोलायला गोड, वागायला सरळ. पण एक खोड वाईट. प्रश्न विचारायचा. विचारून स्वतः विसरून जायचा, आणि ज्याला विचारलं त्याच्या डोक्यात भुंगा सोडून द्यायचा. लग्नाला दोन महिने झाले नव्हते तोच एका रविवारी तो सासूबाईंबरोबर फुटबॉलच्या मैदानावर आला, त्यांची शिडी धरून उभा राहिला आणि वर बघत म्हणाला, "आई, हा शेवटचा संघ आता कुठे जाणार?"

"कुठे जाणार म्हणजे? घरी जाणार. उद्या कामं नाहीत का त्यांना?"

"तसं नाही हो. आमच्याकडे शेवटचा येतो तो खालच्या गटात जातो, आणि खालचा पहिला वर येतो."

"आमच्याकडे खाली गटच नाही, जावईबापू. कोणी खाली जात नाही, कोणी वर येत नाही. दहा संघ आहेत ते दहाच."

"मग शेवटचे खेळतात कशाला?"

ताई शिडीवरून उतरल्या आणि पाय पुसत बसल्या.

आता ही पाटीताई कोण, ते सांगतो. सोमवार ते शनिवार ती शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची, तीस वर्षं झाली. रविवारी मैदानाच्या टोकाला, गोलाच्या मागे जो मोठा फळा आहे त्याच्यावरच्या पाट्या बदलायची. फळ्यावर दहा ओळी, ओळीला दोन लोखंडी आकडे, आकड्यांना संघाच्या नावाची पत्र्याची पाटी अडकवलेली. डेपो, बेकरी, पोस्ट, छापखाना, वीटभट्टी असे कामाच्या जागांचे संघ. पाट्या रंगवल्या होत्या ताईंच्या यजमानांनी. ते गेले, पण पाट्या कोणीतरी हलवायला हव्याच होत्या, म्हणून ही शिडीवर चढली ती चढलीच. मोबदला म्हणजे एक कप चहा आणि सावलीतली खुर्ची.

दहावी पाटी होती वखारीची. लाकडाच्या वखारीचा हा संघ सलग अकरा वर्षं शेवटचा. अकरा वर्षं! माणूस परीक्षेला सुद्धा इतक्या वेळा बसत नाही. आणि त्या संघाचा गोलरक्षक होता ताईंचा सख्खा धाकटा भाऊ. वखारीत सुतारकाम करायचा. लोक त्याला 'कुलूप' म्हणायचे. एखाद्या दिवशी गोल असा बंद करायचा की कोणाची टाप नाही; आणि बाकीच्या दिवशी लोकच ओरडायचे, "कुलपाला किल्ली सापडली रे!"

जावयाचा प्रश्न दुसऱ्या कोणी हसण्यावारी नेला असता. ताईंना तो झोंबला, कारण चोराच्या मनात चांदणं. सात वर्षांपूर्वी एकदा भन्नाट वारा सुटला होता. सगळ्या पाट्या खडखड वाजत होत्या, त्यात वखारीची निसटली आणि पंचांच्या सायकलवर येऊन आदळली. ताई वैतागल्या. "नाहीतरी हिला कुठे जायचंय?" असं पुटपुटत त्यांनी एक दोन इंची खिळा घेतला आणि पाटी फळ्याला ठोकून टाकली. वरून निळ्या रंगाचा एक ठिपका दिला, खिळा दिसू नये म्हणून. घरी आल्यावर मात्र त्यांना घास गोड लागला नाही. पाठच्या भावाच्या संघाला आपणच तळाला खिळवलं, ही कुठली बहीण! काढू, काढू म्हणता म्हणता सात वर्षं गेली. काढायची वेळच कधी आली नाही; मधल्या एकाही रविवारी वखार दहाव्याच्या वर सरकली नाही.

पण प्रश्न काही जाईना. ताईंनी तो दुकानात शिंप्याला विचारला. शिंपी कापडावरून नजर न काढता म्हणाला, "पंगतीत शेवटी बसतो त्याला कोणी घराबाहेर काढतं का? जेवतोच ना तो?" हे ताईंना पटलं, पण अर्धंच. जेवणाऱ्याला भूक असते. ह्यांना कसली भूक? मग त्यांनी पंचांना विचारलं. पंच शाळेत भूगोल शिकवायचे. ते म्हणाले, "खाली जायला खाली काहीतरी असावं लागतं, ताई. आपल्या दहाव्याच्या खाली फक्त गवत आहे." हेही खरंच. पण खेळायचं कशाला, ते राहिलंच.

शेवटी त्यांनी भावालाच गाठलं. तो वखारीत एका दाराची चौकट जुळवत होता.

"काय रे, जिंकलात तरी संघ दहाच आणि हरलात तरी दहाच. मग एवढा धडपडतोस कशाला?"

"हे कुठून आलं?"

"जावयाने विचारलं."

"मग हा जावईशोध म्हणायचा," तो हसला. रंध्याची पाती फुंकून साफ केली आणि दर आठवड्याला विचारायचा तेच विचारलं, "आपली पाटी नीट आहे ना गं?"

"नीट आहे," ताई म्हणाल्या, आणि त्यांचे कान तापले. पडेल-बिडेल ह्या काळजीने विचारतो, असंच त्या समजत होत्या. निघताना तो म्हणाला, "गुडघा आता वाकत नाही, ताई. येत्या रविवारचा शेवटचा. पुढच्या वर्षी दुसरा कोणीतरी उभा राहील."

रविवार उजाडला. गुणांचं गणित ताईंना तोंडपाठ होतं. वखारीचे अकरा, नववा छापखाना, त्याचे तेरा. सामना ह्या दोघांचाच. जिंकणाऱ्याला तीन मिळतात. वखार जिंकली तर चौदा होऊन नवव्या जागी जाणार होती, नाहीतर भाऊ आयुष्यभर दहावाच राहून घरी बसणार होता. वर काही मिळायचं नव्हतं, खाली काही जायचं नव्हतं. तरी भाऊ जिंकावा असं ताईंना आतड्यापासून वाटत होतं, आणि जिंकला तर तो खिळा चारचौघांत उघडा पडणार, ह्या विचाराने पाचावर धारण बसली होती.

मध्यंतरानंतर कुलूप पलीकडच्या गोलात गेला. तिथून फळा बरोबर त्याच्या समोर. खेळ असा चालला होता की झोप यावी. तेवढ्यात वखारीच्या एकाने मारलेला चेंडू छापखान्याच्या जाड्या खेळाडूच्या पाठीला लागून जाळ्यात गेला. तो बिचारा मागे वळून बघतच राहिला. मग मात्र छापखाना चवताळला. शेवटची दहा मिनिटं त्यांनी वखारीला श्वास घेऊ दिला नाही. कुलपाने एक चेंडू पोटावर घेतला, एक मुठीने उडवला, आणि अगदी शेवटचा त्याच त्या न वाकणाऱ्या गुडघ्यावर घेऊन बाहेर घालवला. शिट्टी वाजली. अकरा वर्षांनी वखार नववी.

लोक नाचायला लागले. ताई शिडी घेऊन फळ्याकडे निघाल्या, जावई शिडीचं दुसरं टोक धरून मागे. वर चढून त्यांनी आधी छापखान्याची पाटी काढली आणि खाली जावयाच्या हातात दिली. मग वखारीच्या पाटीला हात घातला; सात वर्षांत खिळा सैल झाला असेल, एवढीच आशा होती. ओढली, हलवली, नखं तुटली. पाटी तसूभर हलेना. खाली लोक जमले. कोणीतरी म्हणालं, "वखारीलाच खाली राहायचंय!" सगळे हसले, आणि ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात शिडीखालून आवाज आला. "ताई, हे घे."

भाऊ उभा होता. चिखलाने भरलेला, लंगडत आलेला. हातमोज्यांच्या पिशवीतून त्याने खिळे उपटायची पकड काढली होती आणि ती वर धरली होती. बाकीची सगळी हत्यारं वखारीत होती. ही एकटीच इथे होती. मुठीचा रंग घासून घासून गेलेला.

"तुला ठाऊक होतं?" ताईंनी वरूनच विचारलं.

"बाकीच्या नऊ पाट्या वाऱ्याने वाजतात. आपली वाजत नाही. अर्धा अर्धा खेळ मी फळ्याकडे तोंड करून उभा असतो, मला दुसरं काय दिसणार?"

"मग कधीपासून आणतोस ही?"

"तू ठोकलास त्याच्या पुढच्या रविवारपासून."

"अरे, मग एकदा तोंड उघडून बोलायचं होतंस! मी तेव्हाच काढला असता."

"म्हणूनच नाही बोललो," भाऊ म्हणाला. "तू काढला असतास तर मी कशाला खेळलो असतो?"

जावई शिडी धरून उभा होता. त्याने एकदा मामेसासऱ्यांकडे बघितलं, एकदा पकडीकडे, आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही.

ताईंनी पदराने डोळे पुसले आणि पकड लावली. खिळा करकरत बाहेर आला, गंजलेला आणि वाकडा. तो त्यांनी भावाच्या तळहातावर टाकला. वखारीची पाटी नवव्या ओळीला अडकवली, छापखान्याची दहाव्या. वारा होताच. दोन्ही पाट्या खडखड वाजायला लागल्या.

"आई, पडेल ती," जावई म्हणाला. "नवा खिळा आणू का?"

"नको," ताई शिडीवरून उतरत म्हणाल्या. "वाजू दे."