बांयचे सोवळे

सुमंगलेला राग यायला फारसे निमित्त लागत नाही, हे पेडण्यात सगळ्यांना ठाऊक होते. दारावर येणाऱ्या पाववाल्या पोदेराने शिळा पाव दिला तरी ती त्याची सायकल धरून ठेवायची. पण अठ्ठ्याऐंशी सालच्या श्रावणात जो राग तिच्या डोक्यात शिरला तो पुढे कधी उतरलाच नाही, आणि खरे सांगायचे तर तो उतरू नये असाच होता.

जन्म कारापूरचा, लग्न होऊन पेडण्यात आली. नवरा लवकर गेला. मग सरकारी दवाखान्यात नर्सबाईंच्या हाताखाली तिने सतरा वर्षे काढली. शाळा तिसरीपर्यंत, पण नर्सबाईंनी कानीकपाळी ओरडून एक गोष्ट तिच्या हाडीमाशी मुरवली होती: एक जखम धुतली की ते पाणी फेकायचे, हात साबणाने धुवायचे, मगच दुसऱ्या जखमेला हात लावायचा. दवाखाना सुटल्यावर ती घाटीवरच्या वृद्धाश्रमात लागली. लोक त्याला जुन्या सवयीने आझील म्हणत. चौदा म्हातारी माणसे, स्वयंपाकाला चंद्रावती, वर देखरेखीला गुरुदास मास्तर, आणि उरलेल्या सगळ्या कामाला सुमंगला.

आझिलाच्या अंगणात एकच बांय होती. विहिरीला आमच्याकडे बांयच म्हणतात. तिच्या काठाला देवाची घुमटी, आणि पूजेला, नैवेद्याला पाणी तिचेच. म्हणून मास्तरांनी नियम केला, की पू काढणाऱ्या हातांनी बांयच्या दोराला शिवायचे नाही. चंद्रावतीने सकाळी पाणी काढून पडवीत ठेवावे आणि सुमंगलेने त्यात भागवावे. आता पडवीत पाच जण अंथरुणाला खिळलेले, त्यांचे अंग पुसायचे, घाण काढायची, जखमा धुवायच्या, हे कुठल्या हिशेबाने भागते ते मास्तरांनी स्वतः कधी करून पाहिले नाही. चंद्रावती मात्र मनाची चांगली. ती वेळ काढून यायची आणि प्रत्येक माणसामागे सुमंगलेच्या हातावर वरून तांब्या ओतायची. तेवढ्यावर दोघींचे निभत होते.

पडवीत एक नळ बसवा, असे सुमंगलेने दोनदा सांगितले होते. पण विश्वस्तांच्या तीन बैठका दारावरच्या पाटीतच गेल्या. गोवा नुकताच राज्य झालेला, भाषेचा कायदा ताजा, आणि आझिलाचे नाव मराठीत लिहायचे की कोंकणीत, यावरून अध्यक्ष सगुणबाब आणि मास्तर एकमेकांशी बोलेनासे झाले होते. शेवटी दोन्हींत लिहायचे ठरले. आत झोपलेल्या चौदा जणांपैकी नऊ जणांना वाचता येत नव्हते आणि उरलेल्यांना दिसत नव्हते. नळाचा विषय निघालाच नाही.

पडवीत दाराकडच्या खाटेवर सुलोचनाबाई असत, हरमलच्या. साखरेचा आजार, टाचेला घाव. त्यांचा मुलगा जयराम समुद्राकाठी पर्यटकांना खोल्या भाड्याने द्यायचा. घाव भरला की आईला घरी नेतो, असे त्याने कबूल केले होते. सुमंगलेने तीन महिने त्या टाचेची पोटच्या पोरासारखी काळजी घेतली. घाव भरत भरत चिंचोक्याएवढा राहिला. सुलोचनाबाई रोज विचारायच्या, "चवथीक हांव घरा वतलें मगो?" आणि चवथीला, गणपतीत, नक्की घरी जाल, असे सुमंगला रोज सांगायची.

श्रावणात दोन गोष्टी झाल्या. चंद्रावतीने सोमवारचे कडक सोवळे धरले आणि त्या दिवशी पडवीत यायचे बंद केले. आणि कोपऱ्यातल्या खाटेवर हरीबाब नावाचे म्हातारे आले, पाठीला हात जाईल एवढी जखम घेऊन. सुमंगलेने सोमवारपुरता आपला क्रम लावला. आधी सुलोचनाबाईंची टाच आणि हरीबाब अगदी शेवटी, म्हणजे एका बादलीत काम उरकले तरी त्यांच्या जखमेची घाण दुसऱ्या कुणाला लागणार नाही.

तिसऱ्या सोमवारी पाटीचे अनावरण होते. पाहुणे दहाला यायचे. सकाळीच मास्तर धोतराचा सोगा धरून पडवीच्या दारात उभे राहिले, नाकाला रुमाल. हरीबाबांचा वास दिवाणखान्यात येतो, त्यांचे आधी करा, असे त्यांनी फर्मावले. सुमंगलेने दुसरे पाणी मागितले. पूजा होऊ दे, मग बघू, असे म्हणून ते घुमटीसाठी फुले ओवायला वळले. तिने हरीबाबांची पाठ धुतली. मग बादलीत राहिलेल्या त्याच पाण्यात हात बुचकळले, आणि बाहेरून मास्तर घाई करत होते म्हणून तशीच सुलोचनाबाईंच्या टाचेकडे वळली.

ती अडून बसू शकली असती. एरवी पावासाठी रस्ता अडवणारी बाई त्या दिवशी मूग गिळून बसली. याबद्दल तिला मास्तरांपेक्षा जास्त स्वतःचा राग आला, आणि तो योग्यच होता.

चौथ्या दिवशी टाच सुजली, आठव्या दिवशी काळी पडली. पणजीच्या इस्पितळात गुडघ्याखालून पाय कापला. मास्तरांनी जयरामला सांगितले, साखर वाईट. सुमंगलेने त्याला फाटकाशी गाठून काय घडले ते सगळे सांगितले, स्वतःच्या हातांसकट. तो म्हणाला की आता एका पायाच्या आईला आमच्या चढावरच्या घरात कसे ठेवायचे? मोटारसायकल सुरू करून तो निघून गेला.

चवथ झाल्यावर आठवड्याने सुलोचनाबाईंना परत त्याच खाटेवर आणून घातले. इस्पितळात त्यांना दिवसांचे भान राहिले नव्हते. त्यांनी डोळे उघडून विचारले, "चवथ जाली?"

सुमंगला तेव्हा कोपऱ्यातल्या खाटेशी पट्ट्या सोडत होती. ती उठली, हरीबाबांच्या पट्ट्यांनी बरबटलेले हात तसेच घेऊन अंगणात गेली आणि बांयत कळशी सोडली. मास्तर धावत आले. बांय विटाळली, देवाचे पाणी गेले, असे काहीबाही बोलू लागले. तिने कळशी वर ओढली, काठापासून लांब जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात चोळले, आणि मग म्हणाली,

"पू पाण्याक लागलो तें तुमकां दिसलें, मास्तर. तो तिच्या पांयाक लागलो, तेन्ना तुमी फुलां ओंवताले."

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दुसऱ्याच दिवशी सगुणबाब आणि मास्तर अबोला सोडून एकत्र आले, भटजींना बोलावले आणि बांयची शुद्धी करून घेतली. सुमंगलेला काढून टाकायचेही ठरले होते, पण हरीबाबांची पाठ धुवायला दुसरी बाई मिळेना, म्हणून तो ठराव तसाच राहिला.

भटजी दक्षिणा घेऊन फाटकाबाहेर पडले. सुमंगलेने हरीबाबांची पट्टी सोडली, जखम धुतली, पाणी फेकले. मग अंगणात येऊन, सगुणबाब आणि मास्तर बघत असताना, तिने बांयत पुन्हा कळशी सोडली. सुलोचनाबाईंचा दुसरा पाय अजून शाबूत होता.